सासूचा पाय आणि सहा इंच

एकदा मी आमची जीप हौसेनं इतकी उंच करून घेतली, की माझ्या सासूला तिच्यात चढता येईना. आणि त्यांना चढता येत नाही हे माझ्या ध्यानात यायला एक अख्खा पावसाळा गेला. सासू रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, जीप रोज अंगणात होती, आणि मी दोघींच्या मधून मिरवत हिंडत होते.

हे आता सांगायचं कारण माझी नात. तिनं जुनी जीप घेतली आहे, डोंगरातल्या वाटांवर हिंडायला. परवा मोबाईल माझ्या नाकापुढं धरून म्हणाली, "आज्जी, तू आपली जीप उचलली होतीस ना गं? मग सांग, दोन इंची किट घेऊ का चार इंची?" घरात लिफ्ट किटचा अनुभव असलेली बाई मी एकटीच, हे खरं. पण तो अनुभव कसला, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं मी मोठी हुशार होते. म्हटलं, हिला नुसतं सांगून भागायचं नाही, लिहूनच ठेवावं.

आमची वस्ती वडवणीपासून आत, डोंगराच्या अंगाला. वाटेत एक ओढा. ओढ्याच्या मधोमध कातळ वर आलेला, म्हशीच्या पाठीसारखा. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा असतो, तो बरोबर त्या कातळावर आपटायचा. पावसाळ्यात बाजूचा मुरूम वाहून गेला, की दर खेपेला "खाड" असा आवाज यायचा आणि आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, स्टेअरिंगवर असे कळवळायचे, जसा त्यांच्याच गुडघ्याला मार लागला. दोन वेळा गोळ्यातून ऑइल गळालं. तेव्हा ठरलं की गाडी उचलून घ्यायची.

गाडी मालक चालवायचे, पण गाडीचं राज्य माझं. वस्तीवरच्या बायकांना आठवडी बाजाराला न्यायचं, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, कुणाला कुठं बसवायचं, हे सगळं मी पुढच्या सीटवर बसून ठरवायची. बावन्न वर्षांची होते. त्या वयातल्या माझ्याकडं आता बघितलं की हसू येतं. नाकावर राग, कमरेला किल्ल्या, आणि आपल्याला सगळं कळतं हा चेहऱ्यावर भाव. त्यात पलीकडच्या वस्तीवरच्या जीपवाल्यानं आपली गाडी चार इंच उचलली होती. त्याची बायको बाजारात मला म्हणाली, "वैनी, तुमची गाडी लई बसकी दिसायली हो." झालं. गोळा राहिला बाजूला, मला ते "बसकी" लागलं.

बीडला एक जुने मिस्त्री होते. नुसत्या जीपचीच कामं करायचे. पांढरी दाढी, हाताला कायम ग्रीस. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, स्प्रिंगच्या पाट्यांवर हात फिरवला आणि मला विचारलं, "बाई, तीन गोष्टी सांगा. गाडी कुठं चालायची? काय भरायचं? आन कोण बसायचं?"

मी म्हटलं, "चालायची ओढ्यातून. भरायचा बाजार. आणि बसायला माणसंच बसतात हो, म्हशी थोड्याच बसवतोय!"

माझ्या विनोदावर मीच हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, हे मी त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवते. म्हणाले, "किट म्हंजे काय, जास्त कमानीचे पाटे आन लांब शॉकअप. त्यानं वरची बॉडी उचलती. गोळा उचलत न्हाई. गोळा चाकाला धरून हाय, तो तिथंच ऱ्हातो. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे पाहिजेत. तवा दोन इंचाचं किट बसवू, टायर एक नंबर मोठे टाकू. टायर वर घासनार न्हाईत, गोळा कातळाला लागनार न्हाई. बास होतंय."

"आणि जास्तीत जास्त किती होतं?"

"सहा होतंय. पर शाफ्ट तिरका पडतो, गाडी थरथर करती, वळनावर कलती. कशाला पाहिजे?"

पलीकडच्यानं चार केलं होतं. चाराच्या वर सहा. एवढा हिशेब मला येत होता. मी म्हटलं, "सहाच लावा. टायर राहू द्या, आहेत ते चांगले आहेत."

मिस्त्रींनी मालकांकडं बघितलं. मालक कान खाजवत म्हणाले, "लावा मिस्त्री. मला हिच्यासंगंच घरी जायचंय."

संध्याकाळी गाडी तयार झाली. काय दिसत होती! चाकं आणि पत्र्याच्या मधून पलीकडचं दुकान दिसत होतं. मी साडी खोचली, दांडा धरला आणि एका दमात वर चढले. बीडपासून वस्तीपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याकडं मी वरून बघत आले. मग आला आमचा ओढा. मालकांनी गाडी हळूच पाण्यात घातली. मी म्हणाले, "घाला बिनधास्त." आणि कातळावर गोळा आपटला, खाड! त्याच जागी, तसाच. केसाचाही फरक नाही.

मालक शांतपणे म्हणाले, "गोळ्याला कुनी सांगितलं नसंल, गाडी उंच झाली म्हनून."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मिस्त्रींचं मी ऐकलं नव्हतं, हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. पण ही लाज तशी किरकोळ. ही मी आजही चारचौघांत हसत सांगते. पुढची सांगत नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होत्या. अंगानं काटक, बोलायला कमी, कमरेला पानाची चंची. दर आठवड्याला त्या आमच्याबरोबर वडवणीच्या बाजाराला यायच्या. विकत काही घ्यायच्या नाहीत. त्यांची पाठची बहीण, आमची मावशी, दुसऱ्या गावाहून बाजाराला यायची. दोघी बहिणी बांगडीवाल्याच्या पलीकडं लिंबाखाली बसायच्या, एक पान दोघीत खायच्या आणि बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. चार तास बसायच्या आणि उठताना पुन्हा "ते ऱ्हाइलंच सांगायचं" म्हणून खाली बसायच्या. एवढीच त्यांची भेट. एकमेकींच्या घरी जाणं आता दोघींच्यानं होत नव्हतं.

जीपमध्ये चढायची आत्याबाईंची एक पद्धत होती. मागच्या बाजूनं यायचं, डाव्या हातानं दांडा धरायचा, उजवा पाय पायदानावर टाकायचा आणि "चल गं" असं स्वतःलाच म्हणून वर यायचं. कुणी हात पुढं केला तर त्या हातावर चापट बसायची. "मी काय आजारी हाय का धरायला?" म्हणायच्या.

गाडी उंच झाल्यावरचा पहिला बाजार. बायका पिशव्या घेऊन जमल्या. तरण्या पोरी हसतखिदळत चढल्या. आत्याबाईंनी दांडा धरला, पाय उचलला. पाय पायदानाच्या खाली अधांतरी थांबला आणि परत जमिनीवर आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तसंच. मी पुढच्या सीटवरून मागं वळून ओरडले, "चढा की आत्याबाई! मोळी घेऊन उसाच्या ट्रकवर चढायचात, आन जीपचं काय येवढं?"

सगळ्या हसल्या. मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या वस्तीवरची प्रत्येक बाई ऊस तोडून आलेली. दसरा झाला की कारखान्यावर जायचं, दिवसभर तोडायचं, वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं. मीही चढलेली. त्यामुळं चढणं हे आमच्यात कुणाला जड जाईल, हे माझ्या डोक्यातच येईना. ज्या गुडघ्यांनी वीस-पंचवीस हंगाम फळ्या चढल्या, त्यांचं पुढं काय होतं, हा विचार पुढच्या सीटवरच्या त्या शहाण्या बाईनं केला नाही.

शेवटी दोघा गड्यांनी आत्याबाईंना काखेत धरून वर घेतलं. पोतं घेतात तसं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर सरकलं. त्यांनी बसल्या बसल्या ते खाली ओढलं, पदर डोक्यावर नीट केला आणि बाजार येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. उतरतानाही तसंच झालं, तेही बाजाराच्या तोंडावर, सगळ्यांसमोर.

पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "मी न्हाई येत. मला बाजाराचा कंटाळा आलाय."

मी म्हटलं, रुसल्या असतील. तिसऱ्या आठवड्यात मला एक युक्ती सुचली. घरातला लग्नाचा चौरंग मी उचलला, जीपच्या मागं ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या आत्याबाई, तुमच्यासाठी खास पायरी!" युक्ती वाईट नव्हती. पण आधी कानात सांगायची ती मी वाजतगाजत सांगितली. एक आगाऊ बाई गाडीतून ओरडली, "म्हातारीला हळद लावायची का काय वो?" गाडीभर हशा उसळला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. आत्याबाई उंबऱ्यात होत्या. चंची हातात होती, म्हणजे त्या यायला निघाल्या होत्या. त्यांनी चंची कमरेला खोचली आणि आत गेल्या.

त्यानंतर मी विचारणं सोडलं. उलट लोकांत म्हणायची, "म्हाताऱ्या माणसांना नवं काही सोसत नाही."

बाजारात मावशी लिंबाखाली बसलेली असायची. दर आठवड्याला मला विचारायची, "थोरली कावून आली न्हाई?" मी सांगायची, कंटाळा केला. कधी सांगायची, अंग दुखत होतं. कधी, पाहुणे आले. मावशी एक पान लावून माझ्याकडं द्यायची, "तिला दे." मी घरी येऊन ते पान आत्याबाईंच्या हातावर ठेवायची. त्या ते लगेच खायच्या नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्या बसून खायच्या. हे मी बघायची. बघूनही मला काही कळत नव्हतं, ह्याची आज सगळ्यांत जास्त लाज वाटते. पोळ्यापर्यंत असंच चाललं.

पोळा झाल्यावरच्या बाजारी मावशीनं पान दिलं नाही. माझा हात धरून मला शेजारी बसवलं. म्हणाली, "खरं सांग. ती येत न्हाई, का तिला चढता येत न्हाई?"

"चढायला काय झालंय मावशी, जीप तर आहे."

"त्या जीपचंच म्हनते मी. आम्ही आलो तवा रस्त्यावर उभी होती. केवढी उंच केली गं ती!" मग ती लिंबाच्या बुंध्याला धरून उठली आणि बाजाराच्या गर्दीत तिनं मला पाय उचलून दाखवला. जमिनीपासून दीड वीत वर गेला आणि थरथरायला लागला. "बघ. मपला येवढाच उचलतो. आन ती तर माझी थोरली हाय."

मी जीपकडं बघितलं. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. तिचं मागचं पायदान आणि मावशीचा पाय यांच्यात आणखी अर्धी वीत अंतर होतं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती घेऊन मी उठले. पावसाळाभर बाजाराच्या लोकांनी मला वर चढताना बघितलं होतं, ते सगळे आता आपल्याकडंच बघतायत असं वाटलं.

घरी येताना ओढ्यात मी मालकांना गाडी थांबवायला लावली. पाणी कमी होतं. साडी वर खोचून मी खाली उतरले, एक सुतळी घेतली आणि चाकाच्या वाटेपासून कातळ किती उंच आहे ते मोजून सुतळीला गाठ मारली. हे काम खरं तर किट घ्यायच्या आधी करायचं. मालक स्टेअरिंगवरून नुसते बघत होते. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पडवीत तुरी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. किल्ल्या खुळखुळवत राहिले. मग म्हणाले, "आत्याबाई, जरा उठून पाय उचलून दाखवता का? कुठवर जातो ते?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुतळीकडं बघितलं. सूप बाजूला ठेवलं. भिंतीला हात लावून उठल्या आणि पाय उचलला. मावशीपेक्षा दोन बोटं कमीच. त्यांनीच चंचीतून चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिली. मी पावलाखाली भिंतीवर चुन्याची रेघ ओढली आणि तेवढ्यावर सुतळीला दुसरी गाठ मारली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी माझाही पाय तिथं उचलून बघितला. त्यांच्या रेघेच्या वर जेमतेम आठ बोटं गेला आणि गुडघा कट्ट वाजला. आत्याबाई पुन्हा तुरी निवडायला बसल्या.

बीडला मिस्त्रींच्या हातात मी ती सुतळी दिली. त्यांनी दोन्ही गाठींवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाची?"

"कातळाची."

"आन ही?"

"सासूच्या पायाची."

मिस्त्रींनी सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मी तिसरा सवाल इचारला होता, बाई."

"हो. मी म्हशी सांगितल्या."

तेव्हाही ते हसले नाहीत. सहा इंचाचे पाटे उतरवले, दोन इंचाचे बसवले. टायर एक नंबर मोठे टाकले, जे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण तेवढं केलं तरी पायदान दुसऱ्या गाठीच्या वरच राहत होतं. तेव्हा त्यांनी बिजागरीवर हलणारं जास्तीचं पायदान केलं. चढताना खाली सोडायचं, ओढा आला की वर दुमडायचं. ते त्या गाठीला लावून बघितलं, बरोबर बसलं. मालक म्हणाले, "आता कसं मापात आलं." माझ्याकडं न बघता म्हणाले, हे त्यांचे उपकार.

परत येताना ओढ्यात आवाज आला नाही. कातळाच्या वरून गोळा गेला. मी कान टवकारून बसले होते, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

बाजाराच्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसले नाही. मागचं पायदान खाली सोडलं आणि बाजूला झाले. हात पुढं केला नाही. आत्याबाई आल्या, डाव्या हातानं दांडा धरला, पाय उचलला. पाय पायदानावर टेकला. "चल गं" म्हणाल्या आणि वर गेल्या. आगाऊ बाईनं तोंड उघडलं होतं, पण मी तिच्याकडं असं बघितलं की ते तसंच मिटलं.

लिंबाखाली दोघी बहिणी भेटल्या तेव्हा मी लांब बांगड्यांच्या दुकानाशी उभी होते. मावशी उठली नाही, आत्याबाईच तिच्याजवळ खाली बसल्या. मग मावशीनं पान लावलं, मधून फाडलं आणि अर्धं दिलं.

नातीला मी हे सगळं अजून सांगितलेलं नाही. तिला फक्त सुतळी दिली आणि म्हटलं, "आधी वाटेतला दगड मोज, मग माझा पाय मोज. इंच नंतर ठरव." तिनं पडवीच्या त्याच भिंतीपाशी माझा पाय मोजला. चुन्याची जुनी रेघ पुसट झाली आहे, पण आहे. माझा पाय आता तिच्याही खालीच राहतो. नातीला वाटलं आज्जी चेष्टा करते आहे.

दोघी बहिणी भेटल्या त्या दिवशी बाजारातून परत येताना मी मागं, आत्याबाईंच्या शेजारी बसले होते. ओढा ओलांडल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, माझं चुकलं." त्या दांड्याला धरून बसल्या होत्या. ओढ्याकडंच बघत होत्या. मला वाटलं ऐकलं नाही. पण थोड्या वेळानं म्हणाल्या:

"चुकलं ते चुकलं. पर एक सांग. पयल्या हंगामाला तू पोटुशी होतीस. तवा मी तुला फळीवर चढू दिलं न्हाई, खाली मोळ्या बांधायला ठिवलं, आन तुझ्या वाटच्या मोळ्या मी वर न्हेल्या. तुला काय इचारायला गेले नव्हते मी. तुझ्या पायाकडं बघूनच मला कळलं होतं. मंग मपल्या पायाकडं बघायला तुला येवढा पावसाळा कावून लागला?"